विमानाची बॅटरी: इंजिन झटक्यात सुरू होतंय म्हणजे बॅटरी चांगली आहे का?

मालवापंख
नमस्कार मंडळी. आम्हा चौघांच्या मालकीचं एक सेसना १७२, म्हणजे एका इंजिनाचं लहान विमान आहे, इंदूरच्या विमानतळावर एका हँगरमध्ये उभं असतं. यंत्रणा २८ व्होल्टची, बॅटरी २४ व्होल्टची. बंद प्रकारची (पाणी घालावं न लागणारी) शिसे-आम्ल बॅटरी आहे, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, डाव्या बाजूला बसवलेली. आता वार्षिक तपासणी आली आहे आणि आमचे एएमई (विमान देखभाल अभियंता) म्हणतात, बॅटरी काढून क्षमता चाचणी घेऊ, नापास झाली तर बदलू. भागीदारांपैकी दोघांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, स्टार्टर दणक्यात फिरतो, व्होल्टमीटर २५ च्या वर दाखवतो, मग चांगल्या बॅटरीला हात कशाला लावायचा? विमानाच्या बॅटरीची किंमत गाडीच्या बॅटरीच्या कैकपट, आणि ती इथे मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते. माझा कल एएमईंच्या बाजूने आहे, पण भागीदारांना पटेल असं मला मांडता येत नाहीये. या विषयातली जाणती माणसं इथे आहेत म्हणून विचारतोय.

राजवाडा
तुमच्या भागीदारांचा मुद्दा मला तरी बरोबर वाटतो. शिवाय १७२ चं इंजिन मॅग्नेटोवर चालतं ना? एकदा सुरू झालं की बॅटरी मेली तरी इंजिन बंद पडत नाही. मग बॅटरीचं काम सुरू करण्यापुरतंच. ते काम ती करतेय.

निवृत्त एएमई
राजवाडा, मॅग्नेटोबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. मॅग्नेटो इंजिनातल्या ठिणगीसाठी लागणारी वीज स्वतःच तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. पण "काम सुरू करण्यापुरतंच" हे बरोबर नाही, आणि नेमकी हीच समजूत मी नोकरीभर ऐकत आलो. सविस्तर लिहितो, कारण मालवापंख यांना भागीदारांपुढे हेच मांडायचं आहे.

बॅटरीची कामं दोन. पहिलं, इंजिन फिरवणं. दुसरं, हवेत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) गेला तर जमिनीवर येईपर्यंत रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र), उपकरणं, रात्र असेल तर दिवे, १७२ मध्ये फ्लॅप्ससुद्धा (उतरताना पंखांमागे खाली येणाऱ्या झडपा), हे सगळं चालतं ठेवणं. पहिल्या कामाला खूप मोठा प्रवाह लागतो, पण काही सेकंदच. दुसऱ्या कामाला प्रवाह कमी, पण तो अर्धा तास, पाऊण तास सलग लागतो.

आता हिशेब करून बघा. स्टार्टर २०० अँपिअर घेतो आणि ५ सेकंद फिरवावा लागतो असं धरू. २०० गुणिले ५ म्हणजे १००० अँपिअर-सेकंद. ३६०० ने भागलं की पाव अँपिअर-तासाच्या जरा वर. तुमची बॅटरी ११ अँपिअर-तासांची असेल, तर इंजिन सुरू करायला तिच्यातला चाळिसावा भागच खर्च झाला. निम्मी क्षमता गमावलेली बॅटरीसुद्धा उबदार हवेत हे काम आरामात करते. म्हणून स्टार्टर दणक्यात फिरला यावरून एवढंच कळतं की तो चाळिसावा भाग शिल्लक आहे. उरलेले एकोणचाळीस भाग आहेत की नाहीत, ते चाचणीशिवाय कळत नाही.

व्होल्टमीटरचंही तेच. बंद प्रकारची १२ सेलची बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत पडलेली असेल तर साधारण २५.८ व्होल्ट दाखवते. पण हा आकडा ती किती भरली आहे ते सांगतो, तिच्यात किती मावतं ते सांगत नाही. तुम्ही इंदूरचे, म्हणून यशवंतसागरचं उदाहरण देतो. तलावात गाळ साचला तरी पावसाळ्यानंतर पाण्याची पातळी पूर्णच दिसते. पाणी किती महिने पुरलं यावरूनच साठा किती घटला ते समजतं.

मालवापंख
काका, हिशेब मांडून दिलात ते फार बरं झालं. तो तसाच भागीदारांच्या ग्रुपवर टाकतो. चाचणीत नेमकं काय करतात, तेही सांगाल का?

निवृत्त एएमई
बॅटरी विमानातून काढून आधी पूर्ण भरतात, मग काही वेळ निवांत ठेवतात. नंतर तिच्यावर एका तासाच्या दराचा भार लावतात. म्हणजे बॅटरी ११ अँपिअर-तासांची असेल तर ११ अँपिअरचा, स्थिर. आणि घड्याळ लावून बसतात. २४ व्होल्टची बॅटरी २० व्होल्टपर्यंत उतरायला किती मिनिटं लागली ते मोजायचं. १२ व्होल्टची असेल तर १० व्होल्टपर्यंत. नवी बॅटरी ६० मिनिटं किंवा जास्त देते. पास होण्याची रेषा प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. काँकॉर्ड ८५ टक्के मागते, म्हणजे ५१ मिनिटं. गिल ८० टक्के, म्हणजे ४८ मिनिटं. त्याखाली आली तर पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने एकदा कंडिशनिंग (बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा सावकाश भरणं) करून पुन्हा चाचणी घेता येते. तरीही खाली राहिली तर ती बॅटरी उड्डाणाला चालत नाही. मग स्टार्टर कितीही जोरात फिरवू दे.

८० किंवा ८५ ची रेषा उगाच ओढलेली नाही. लहान विमानांच्या अमेरिकी प्रमाणन नियमांत अपेक्षा अशी होती की वीजनिर्मिती पूर्ण बंद पडली तर बॅटरीने सुरक्षित उतरण्यापुरत्या अत्यावश्यक उपकरणांना किमान ३० मिनिटं वीज पुरवावी. ही ३० मिनिटं पुढच्या तपासणीपर्यंत, उन्हाळा-पावसाळा सोसून, शिल्लक राहिली पाहिजेत.

आणि बिघाड झाला की वैमानिकाला तो त्याच क्षणी कळतो असंही नाही. १७२ एस मध्ये व्होल्टेज २४.५ च्या खाली गेलं की कमी व्होल्टचा दिवा लागतो. तो दिसेपर्यंत, मग चेकलिस्ट करेपर्यंत, अनावश्यक उपकरणं बंद करेपर्यंत बॅटरी पूर्ण भाराखाली रिकामी होत असते. भार जास्त असेल तर शिसे-आम्ल बॅटरी नुसत्या भागाकाराने येतो त्याहूनही कमी वेळ देते.

हरणीकर
मी वडोद्याची, उड्डाणाचं शिक्षण घेते आहे. "इंजिनाला बॅटरी लागत नाही" या वाक्यावर आमच्या वर्गात सरांनी एक अपघात सांगितला होता तो इथे सांगते. ४ मार्च २००७, जर्मनीतलं श्पायर. डायमंड डीए ४२, दोन डिझेल इंजिनांचं विमान. बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरचा वीजपुरवठा जोडून इंजिनं सुरू केली. टेकऑफ झाला, चाकं आत घ्यायला लागले, त्या मोटरने एकदम वीज ओढली, व्होल्टेज पडलं. या इंजिनांचं नियंत्रण संगणकावर असतं. व्होल्टेज पडल्याबरोबर दोन्ही इंजिनांचे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तेवढ्यात दोन्ही पंखे फेदर झाले (पाती वाऱ्याच्या दिशेत वळली, ओढ संपली) आणि दोन्ही इंजिनं थांबली. विमान पोटावर उतरलं. सुदैवाने जीव गेला नाही.

आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ही नवी डिझेल विमानंही चालवायची आहेत. त्यामुळे मॅग्नेटोचा नियम सगळीकडे लागू नाही, एवढं मला सांगायचं होतं.

निवृत्त एएमई
हरणीकर बेटा, फार योग्य वेळी आठवण केलीस. त्या घटनेतून मॅग्नेटोवाल्यांनीही एक गोष्ट घ्यावी. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर बाहेरून वीज जोडून इंजिन सुरू करायचं आणि "उडताना भरेल की" म्हणून निघायचं, हे कोणत्याही विमानात करू नये. अल्टरनेटर रिकाम्या बॅटरीत प्रचंड प्रवाह ढकलतो, बॅटरी तापते, अल्टरनेटरवर ताण येतो, आणि तासाभराच्या उड्डाणात ती धड भरत नाही. शिवाय बहुतेक अल्टरनेटरना स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उभं करायलाच बॅटरीची वीज लागते. बॅटरी उतरली तर ती काढायची, बाहेर भरायची, तपासायची, मग बसवायची. त्या दिवशीचं उड्डाण रद्द.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. माझं मोटारींच्या इलेक्ट्रिकचं वर्कशॉप आहे, विमानातलं मला काही कळत नाही हे आधीच सांगतो. पण १२ व्होल्टच्या दोन चांगल्या मोटारीच्या बॅटऱ्या मालिकेत जोडल्या तर २४ झाले की. खर्च कितीतरी कमी. असं का करत नाहीत?

निवृत्त एएमई
विचारलंत ते बरं झालं, बऱ्याच जणांच्या मनात हे असतं. पहिलं कारण कायद्याचं. विमानात बसणारा प्रत्येक भाग त्या विमानासाठी मंजूर असावा लागतो आणि त्याच्यासोबत प्रमाणपत्र असावं लागतं. तसं नसेल तर विमान उडण्यायोग्य राहत नाही, आणि विम्याचा दावाही अडकतो.

दुसरं कारण बांधणीचं. विमानाची बॅटरी कंपन, झटके, उंचीवरचा कमी दाब हे सगळं धरून तपासलेली असते. पाणी घालण्याच्या प्रकारात झाकणांमध्ये शिशाचं वजन असतं, विमान कलंडलं की ते वजन छिद्र बंद करतं आणि आम्ल बाहेर येत नाही. भरताना हायड्रोजन निघतो, तो बाहेर नेणारी नळी बॅटरीच्या पेटीला जोडलेली असते. मोटारीची बॅटरी त्या पेटीत नीट बसणार नाही आणि ती नळीही जुळणार नाही. सांडलेलं आम्ल अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि ते फायरवॉलच्या आसपास खाल्लेलं लवकर दिसतही नाही.

तिसरं कारण वजन. लहान विमानात बॅटरी कुठे आहे आणि किती किलोची आहे यावर गुरुत्वमध्य हलतो. काही विमानांत ती शेपटीकडे असते, तिथे दोन-चार किलोंचा फरकही कागदावर मांडावा लागतो.

लष्करवाला
पटलं साहेब. माझ्या धंद्यातली एक गोष्ट मात्र सांगतो, ती तुमच्याकडेही लागू पडेल. स्टार्टर मंद फिरतो म्हणून गिऱ्हाईक बॅटरी बदलून जातं आणि महिन्याभराने परत येतं, कारण दोष अर्थच्या पट्टीत किंवा टर्मिनलवरच्या गंजात असतो. मी स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत मीटर लावतो. तिथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला की आधी जोडण्या साफ करायच्या. नवीन बॅटरी नंतर.

निवृत्त एएमई
शंभर टक्के लागू पडतं. विमानात त्यात बॅटरी काँटॅक्टरची, म्हणजे बॅटरी यंत्रणेला जोडणाऱ्या विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचची, भर घाला. त्याचे आतले संपर्क जळलेले असतील तर बॅटरी उत्तम असूनही स्टार्टर रडतो. अशी माणसं या धाग्यावर आली म्हणून चर्चेला अर्थ आहे.

रसायनवाल्या_बाई
मी इंदुरात रसायनशास्त्र शिकवते. आपल्याकडच्या हवामानाबद्दल लिहिते, कारण परदेशी पुस्तिकांतली आयुष्याची वर्षं वाचून आपण तशीच धरतो.

बॅटरीतल्या नको असलेल्या अभिक्रिया, म्हणजे प्लेटांमधल्या शिशाच्या जाळीचं गंजणं आणि आपोआप उतरणं, यांचा वेग तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढलं की दुप्पट होतो. हा ढोबळ नियम आहे, पण दिशा पक्की आहे. इंदुरात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याच्या हँगरमध्ये त्याहून जास्त. आणि मालवापंख यांची बॅटरी फायरवॉलवर, म्हणजे इंजिनाच्याच खोलीत. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो आणि साठलेली उष्णता तिथेच कोंडते. त्या बॅटरीला थंड देशातल्या बॅटरीइतकं आयुष्य मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

दुसरा मार पावसाळ्याचा. आपल्याकडे खासगी विमानं जुलै-ऑगस्टमध्ये बरीचशी उभीच असतात. उभ्या बॅटरीत आपोआप उतरणं चालूच असतं, शिवाय विमानातलं घड्याळ वगैरे थेट बॅटरीवर असेल तर तेही थोडं थोडं खातं. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर शिशाचं सल्फेट असतं. ते ताजं असेल तर भरताना परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि ते परत येत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. काकांच्या उदाहरणातला गाळ म्हणजे बराचसा हाच.

म्हणजे चांगल्या वापरात असलेल्या बॅटरीपेक्षा उभ्या विमानातली बॅटरी लवकर मरते. मला हे फार लोकांना सांगावंसं वाटतं.

मालवापंख
बाई, आमचं विमान गेल्या पावसाळ्यात खरोखरच बराच काळ उभं होतं. मग पावसाळ्यात नेमकं काय करावं? दर आठवड्याला इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालवलं तर?

निवृत्त एएमई
ते नका करू. जमिनीवर थोडा वेळ चालवल्याने बॅटरी भरत नाही, आणि इंजिनाचं तेल पुरेसं तापत नाही म्हणून त्यातला ओलावाही उडत नाही. दोन्हीकडून नुकसान.

उभं ठेवायचं असेल तर दोन रस्ते. बॅटरी काढून थंड, कोरड्या खोलीत ठेवा आणि पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने भरत राहा. किंवा विमानातच ठेवून विमानाच्या बॅटरीसाठी शिफारस केलेला, तापमानाप्रमाणे व्होल्टेज जुळवून घेणारा चार्जर लावा. मोटारीचा चार्जर लावू नका. त्यांतल्या काहींत सल्फेट काढण्याची अवस्था असते, तिच्यात व्होल्टेज फार वर जातं. बंद बॅटरीत पाणी परत घालता येत नाही, त्यामुळे जास्त व्होल्टेजने एकदा सुकली की सुकली. उन्हाळ्यात विमानाच्या रेग्युलेटरचं (अल्टरनेटरचं व्होल्टेज ठरवणाऱ्या भागाचं) व्होल्टेजही एएमईंकडून तपासून घ्या. उत्पादक तापमानानुसार तक्ता देतात, गरम हवेत आकडा खाली असतो.

ज्यांच्याकडे पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरी आहे त्यांच्यासाठीही दोन ओळी. फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल कधीच नाही, आणि पातळी भरून झाल्यावर पुरी करायची. आधी काठोकाठ भरलं तर भरताना पातळी चढून बाहेर येतं. आणि एकाच खोलीत, एकाच हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजायच्या नळीने) शिसे-आम्ल आणि निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचं काम कधीही करू नये. एकात आम्ल, दुसऱ्यात अल्कली. एकाचा अंश दुसऱ्यात गेला की बॅटरी बाद.

पुण्याचा_पायलट
लिथियमबद्दल कोणीच बोललं नाही. निम्म्याहून कमी वजन, उभी असताना फार कमी उतरते. बदलायचीच आहे तर तिकडेच का जाऊ नये?

राजवाडा
लिथियम? २०१३ मध्ये बोइंग ७८७ ची बॅटरी जळून जगभरची विमानं जमिनीवर बसवली होती ना? एअर इंडियाचीही होती त्यात.

पुण्याचा_पायलट
ती लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची होती. लहान विमानांसाठी आता ज्या मिळतात त्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, रसायन वेगळं, उष्णतेला कितीतरी स्थिर. सरसकट घाबरण्यासारखं नाही. पण हे मान्य की त्यात व्यवस्थापनाचं इलेक्ट्रॉनिक्स असतं, ते धोका दिसल्यावर बॅटरी तोडून टाकतं. ते कधी आणि का तोडेल हे वैमानिकाला ठाऊक असलं पाहिजे.

निवृत्त एएमई
दोघांचंही ऐकलं. माझं मत असं: तुमच्या विमानाच्या नेमक्या मॉडेलसाठी त्या बॅटरीला पूरक प्रमाणपत्र (मूळ रचनेत बदल करायची मंजुरी) आहे का आणि ते डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या नागरी विमान नियामकाच्या, दृष्टीने मान्य आहे का, हे तुमच्या कॅमोकडून (विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेकडून) लेखी घ्या. होकार असेल तर जरूर विचार करा. नसेल तर चर्चा तिथेच थांबते. आणि गरम इंजिनाच्या खोलीत बसवणार असाल तर तापमानाची वरची मर्यादा आधी वाचा. इंदूरच्या मेमध्ये ती मर्यादा फार लांब नसते.

मालवापंख
मंडळी, कळवायला जरा उशीर झाला. काकांचा हिशेब आणि बाईंचं पावसाळ्याचं वाचून दोन्ही भागीदार चाचणीला तयार झाले. बॅटरी काढून कार्यशाळेत दिली. पूर्ण भरल्यावर व्होल्टेज अगदी व्यवस्थित होतं. भार लावला आणि ३४ मिनिटांत २० व्होल्ट. कंडिशनिंगनंतर ३७. नापास. तीच बॅटरी आदल्या दिवशी स्टार्टर दणक्यात फिरवत होती.

आमच्यातला एक भागीदार संध्याकाळी उशिरा परतणारा आहे. त्याने तो आकडा पाहिला आणि नवीन बॅटरीसाठी सगळ्यांत आधी पैसे त्यानेच पाठवले.

आता नवी घेताना काय बघू?

निवृत्त एएमई
चाचणी केलीत, मन भरून आलं. आता नवी बॅटरी.

भाग क्रमांक तुमच्या विमानाच्या भागांच्या पुस्तिकेशी किंवा पूरक प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे. सोबत मूळ प्रमाणपत्र हवं, अमेरिकी नियामकाचं एफएए ८१३०-३ किंवा युरोपचं ईएएसए फॉर्म १. छायाप्रतीवर समाधान मानू नका. बॅटरी किती काळ गोदामात पडून होती ते तिच्यावरच्या तारखेवरून बघा, आणि बसवण्याआधी व्होल्टेज मोजून पुस्तिकेप्रमाणे भरून घ्या.

काढताना मास्टर स्विच बंद, आधी ऋण टोक सोडायचं. बसवताना ऋण टोक सगळ्यांत शेवटी. हे उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. रिकाम्या पेटीत आम्लाचे डाग असतील तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचे, मग साध्या पाण्याने, वाळवून आम्लरोधक रंग. हायड्रोजन बाहेर नेणारी नळी मोकळी आहे का ते तोंडाने फुंकून नव्हे, हवा सोडून बघायचं.

अमेरिकेत मालक-वैमानिकाला बॅटरी स्वतः बदलायची मुभा आहे, तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडे तसं करू नका. काम एएमईंकडूनच, नोंद लॉगबुकात, सही त्यांची. वजनात फरक असेल तर वजन-संतुलनाचा कागदही.

आणि विमान उघडलंच आहे तर ईएलटीची (अपघातानंतर आपोआप संकटसंदेश पाठवणाऱ्या यंत्राची) बॅटरी बघून घ्या. तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. मुख्य बॅटरी बदलली म्हणून ती बदलत नाही, ती वेगळी आहे, आणि अपघातानंतर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारायचं काम तिचंच आहे.

मालवापंख
ईएलटीची मुदत याच वर्षाअखेर आहे, तीही आत्ताच मागवतो. जुन्या बॅटरीचं काय करू? एक भंगारवाला घ्यायला तयार आहे.

रसायनवाल्या_बाई
भंगारवाल्याला देऊ नका हो. ते आम्ल गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात, आजूबाजूला पोरं खेळत असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. नवी देणाऱ्या विक्रेत्याला विचारा, जुनी परत घेता का म्हणून, आणि पावती मागा.

हरणीकर
काका, मला क्षमता चाचणी प्रत्यक्ष बघायची आहे. आमच्या इथल्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांना उभं राहू देतील का?

निवृत्त एएमई
कार्यशाळेच्या प्रमुखांना रीतसर विचार, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. डोळ्यांना चष्मा, हातात अंगठी-बांगडी नको, सुती कपडे. आणि तासभर तिथेच थांब, दर पाच मिनिटांनी व्होल्टेज वहीत लिही. शेवटच्या दहा मिनिटांत आकडा कसा एकदम खाली येतो ते नीट बघ. अल्टरनेटर गेल्यावर "अजून २४ दाखवतंय" म्हणून कोणी पुढच्या विमानतळाकडे निघायला सांगितलं, तर ती वही आठव.

हरणीकर
उद्याच विचारते. व्होल्टेजचा तक्ता इथे टाकेन.